खुणेच्या वीस बोरी

दौंड

निमोण्याला जायला पुण्याहून दौंडची गाडी धरणं म्हणजे शुद्ध द्राविडी प्राणायाम. शहाणा माणूस शिरूरची एसटी पकडतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत पोचतो. पण माझा दाभण दौंडला रफिकभाईंच्या वर्कशॉपमध्ये पडला होता, आणि त्याच्याशिवाय निमोण्याला जाऊन मी करणार काय होते? बोरं खाणार होते?

दाभण हे नाव माझं नाही, ते कुणी ठेवलं ते पुढे येईल. ती एक स्टीलची बारीक सळई आहे, माझ्या खांद्याएवढी लांब आणि टोकाला घासून अणकुचीदार केलेली. तीन पायांच्या लोखंडी घोडीवर ती तिरकी बसवायची आणि झुडपात हळूहळू आत सारायची. टोक पानाला लागलं की वहीत एक रेघ. आणखी सारायची, आणखी एक पान लागलं की आणखी एक रेघ. टोक पलीकडून बाहेर आलं की घोडी थोडी सरकवून पुन्हा पहिल्यापासून. एका झुडपाला अशा पन्नास फेऱ्या. जितके स्पर्श जास्त तितका पाला जास्त, बाकीचं काम गणिताचं. एकही पान न तोडता झुडपाच्या अंगावर किती पान पसरलंय ते असं काढता येतं. पानांचं क्षेत्रफळ मोजायची यंत्रं आहेत, पण त्यांच्या पट्ट्यावर पान तोडून ठेवावं लागतं. तोडलेलं पान पुढच्या महिन्यात पुन्हा मोजता येत नाही, आणि मला तर तीच झुडपं अश्विनापासून पौषापर्यंत तीनदा मोजायची होती.

सुरुवातीला माझं माळरान कुरकुंभच्या बाजूला होतं. तिथला मुरूम उपसायला लागले तेव्हा जाणारच आहेत म्हणून तीन बोरी मी आधी दाभणाने मोजल्या आणि मग पान न् पान ओरबाडून घरी आणल्या. चार रात्री नवरा, सासूबाई आणि मी हॉलमध्ये बसून पानं आलेखाच्या कागदावर गिरवत होतो. सासूबाई म्हणाल्या, यापेक्षा निवडायला मेथी आणली असतीस तर भाजी तरी झाली असती. पण दोन्ही आकडे जुळले. माळरान गेलं, दाभणावरचा विश्वास मात्र पक्का झाला.

तो दाभण मागच्या खेपेला एसटीच्या टपावरून उतरवताना वाकला होता. रफिकभाईंचं घराणं तीन पिढ्या दौंडचं. वर्कशॉपमध्ये खिडक्यांच्या जाळ्या, नांगराचे फाळ आणि शाळेचे बाक यांच्या गर्दीत माझी सळई त्यांनी भिंतीला खिळ्यावर जपून टांगली होती.

"सरळ केलाय मॅडम. आता टपावर टाकू नका, मांडीवर घेऊन बसा."

"लेकरू आहे का ते?"

"मग काय हाय? इतक्यांदा तर माझी सायकल बी मी दुरुस्त केली न्हाई." मग सळईवर बोट ठेवून म्हणाले, "आन् अजून एक केलंय. बोटाबोटावर बारीक खुणा पाडल्यात, टोकापासनं. किती आत गेला ते कळंल तुम्हाला."

मी न विचारताच केलेल्या सुधारणेवर आधी चिडते आणि मग विचार करते. तेव्हाही तसंच झालं. खाचा पानात अडकल्या तर? रफिकभाईंनी सळई माझ्या बोटांतून ओढून दाखवली. नुसते ओरखडे होते, नखालाही लागेनात.

"आन् समजा मोजली समदी पानं," चहा मागवत ते म्हणाले. "फुडं काय?"

मी सांगितलं. शेळ्यांनी माळरानं खाऊन टाकली असं जो तो म्हणतो, पण किती खाल्लं ते कुणी मोजलेलं नाही. निमोण्याच्या पुढच्या गायरानात मी वीस बोरी निवडल्या आहेत. दहांना काट्यांचं कुंपण घातलंय, बाकीच्या दहा शेळ्यांसाठी मोकळ्या ठेवल्या आहेत. तीनदा मोजायचं आणि दोन्हींतला फरक बघायचा. ही तिसरी आणि शेवटची फेरी. फाल्गुनाच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी संपते. माझ्या मार्गदर्शक सरांनी दोनदा मुदत वाढवून मिळवली होती, आणि चाळिशी जवळ आलेल्या, घर आणि कॉलेज सांभाळून पीएचडी करणाऱ्या बाईला तिसऱ्यांदा कोण मुदत देतो?

"मग ह्या खेपेला मोडू नका," रफिकभाई म्हणाले. ते दाभणाबद्दल बोलत होते. दाभण प्लास्टिकच्या पाइपात घालून, दोन्ही तोंडांना बूच ठोकून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

निमोण्याची वाट

दोन गाड्या बदलून शेवटची जीप मिळाली. पुढच्या सीटवर चार माणसं आणि ड्रायव्हरचा अर्धा भाग. दाभण खरंच मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या मावशींनी पाइपाकडे तीनदा बघून शेवटी विचारलं, "ठिबकाचं हाय का?" मी म्हटलं, नाही, झाडाची पानं मोजायचं आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढची सगळी वाट पिशवी माझ्यापासून जरा लांब धरली.

या भागात न आलेल्यांसाठी सांगते. कालव्याचं पाणी पोचतं तिथवर ऊस, त्याच्यापुढे शाळू. पौषात शाळू कणसाला आलेला असतो आणि वारा आला की सगळं रान एका बाजूला झुकतं. मग जमीन चढते, माती संपते, मुरूम लागतो आणि गायरान सुरू होतं. वाळलेलं कुसळी गवत, मधूनमधून तरवड, एखादा हिवर, आणि बोरीच बोरी, कमरेएवढ्या, डोक्याएवढ्या. लांबून बघणारा म्हणतो, इथे काही नाही. मीही पहिल्यांदा तेच म्हटलं होतं.

गायरानाच्या कडेला धोंडीबा आबांची वस्ती आहे. आबांचं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. पंधराएक वर्षांमागे त्यांनी मेंढरं विकली, विहीर खोदली आणि शाळू लावला. मुलगा कुरकुंभला केमिकल फॅक्टरीत शिफ्टला जातो, आठवड्यातून एकदा घरी येतो. शेत आणि तीसेक शेळ्या आबा आणि त्यांची सून कांताबाई बघतात.

अश्विनात मी पहिल्यांदा गेले तेव्हा आबांनी दाराशीच अट घातली होती. आधी कोणीतरी येऊन गायरानातल्या फांद्याच्या फांद्या पोत्यात भरून नेल्या होत्या, अभ्यासाला म्हणून. उन्हाळ्याच्या तोंडाला शेळ्यांना तोच पाला. "मोजा, काय मोजायचं ते. पर पान तुटता कामा न्हाई," आबा म्हणाले. मी शब्द दिला. आणि माझी सळई बघून त्यांनी तिचं बारसं केलं. "हा तर दाभण हाय. बोरीला शिवताय व्हय?"

आबांचीही मोजायची एक रीत आहे. बोरीभोवती एकदा फिरायचं, डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, "ही चार शेरडांची न्याहारी," नाहीतर "हिच्यात एका पाटीचंबी भागायचं न्हाई." पाट म्हणजे अजून न व्यालेली शेळी. मी गंमत म्हणून वहीत एक जास्तीचा रकाना आखला आणि त्यात आबांचे अंदाज लिहीत गेले.

पोचले तेव्हा ऊन कलत होतं. कांताबाईंनी हातपाय धुवायला गरम पाणी दिलं आणि न विचारता हुलग्याचं माडगं पुढे ठेवलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, मग पाहुणा नको म्हणतो, मग पुन्हा विचारतात. इथे वाडगा हातात येतो आणि प्रश्न मिटतो. गूळ घातलेलं ते दाट, गरम माडगं घशाखाली गेलं आणि जीपने खिळखिळे केलेले सांधे जागेवर आले.

"औंदा तुमच्या बोरी लई झ्याक हायत्या ताई," कांताबाई म्हणाल्या. मी खूश झाले. नीट ऐकलं असतं तर तिथेच शहाणी झाले असते.

गायरान

दुसरा दिवस कुंपणातल्या दहा बोरींचा. बोरीला काटे जोडीने येतात, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ टोचतो आणि वाकडा सोडत नाही. दुपारपर्यंत माझ्या शर्टाची डावी बाही गेली, तळहातात काटा मोडला आणि कांताबाईंनी तो सुईने काढून वर चुना लावला. पण दहाच्या दहा बोरी झाल्या.

तिसऱ्या दिवशी मोकळ्या दहा घेतल्या. पहिली झाली, दुसरी झाली, आणि वहीतल्या रेघा बघून माझं काळीज उड्या मारायला लागलं. कुंपणातल्या बोरींना जेवढं पान, तेवढंच मोकळ्या बोरींना! कार्तिकात आले होते तेव्हाही असेच आकडे आले होते आणि सर म्हणाले होते, पौषात टिकले तर बघू. टिकले होते. शेळ्या तीन महिने चरत होत्या आणि बोरींचं काही बिघडलं नव्हतं. मनातल्या मनात मी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं, त्यातली दोन वाक्यं मोठ्यांदा म्हटलीसुद्धा. ऐकायला फक्त एक कोतवाल पक्षी होता.

सातव्या बोरीपाशी घोडी बसवायला गुडघे टेकले आणि तळहाताखाली काहीतरी पिचलं. बोर होतं. पिकलेलं, तांबडं, वास सुटलेलं. झुडपाखाली बोरांचा सडा पडला होता.

मी तशीच गुडघ्यावर बसून राहिले. शेळी पिकलेलं बोर सोडत नाही. पाल्यासाठी येईल न येईल, बोरासाठी मैलभर येईल. आणि इथे बोरं पडून सुकली होती. लेंड्या शोधल्या, तर एक नाही. उठून सहावीपाशी गेले, मग पाचवीपाशी. सगळीकडे तेच. फांद्यांमधली कोळ्याची जाळीसुद्धा शाबूत होती.

कांताबाई ओढ्याच्या बाजूने जळण घेऊन येत होत्या. मी त्यांना तिथूनच हाक मारली.

"कांताबाई, शेळ्या इथे चरायला येतात ना?"

"छ्या!" भारा डोक्यावर तसाच धरून त्या अभिमानाने म्हणाल्या. "तुमच्या बोरी हायत्या नव्हं? आबांनी एक शेरडू फिरकू दिलं न्हाई इकडं. आम्ही समदी ओढ्याच्या पल्याड नेतो."

"कधीपासून?"

"तुम्ही बिल्लं लावलं तवापासनं."

म्हणजे अश्विनापासून. तीन महिने. मी प्रत्येक बोरीला अॅल्युमिनियमचा नंबराचा बिल्ला तारेने बांधला होता, कुंपणातल्या दहांना आणि मोकळ्या दहांनाही. आणि माझ्या मोकळ्या बोरींना तीन महिन्यांत शेळीचं तोंड लागलं नव्हतं. वीसच्या वीस बोरी राखलेल्या. फरक दिसणार कुठून?

मला संताप आला. कुणावर ते कळेना म्हणून मी घोडीला लाथ मारली आणि अंगठा ठेचून घेतला. कांताबाईंनी भारा खाली टाकला आणि विचारलं, "काय चुकलं का ताई?" त्यांच्या तोंडाकडे बघून मला खरं सांगवेना. मी म्हटलं, उन्हाने डोकं चढलंय.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही, आणि का ते इथे स्पष्टच लिहिते. माझ्या मनात पाप आलं होतं. आकडे सुंदर होते. झुडपं हजर, वही हजर, बिल्ले हजर. मी गप्प बसले असते तर जगात कुणाला कळलं असतं? ज्यांना कळलं असतं ते दोघं प्रबंध वाचणार नव्हते. आणि वर माझं म्हणणं शेळ्यांच्या बाजूचंच होतं, म्हणजे त्यांच्या भल्याचंच. तासभर मी असं स्वतःला पटवत ओट्यावर बसले होते. मग ओढ्याकडून तीस शेळ्या घेऊन आबा येताना दिसले. सत्तरी उलटलेला माणूस, दारातलं गायरान सोडून, ओढा उतरून-चढून रोज तेवढं जास्त चालत होता, माझ्यासाठी. खोटं लिहिलं असतं तर ते त्यांच्या पायांवर उभं राहिलं असतं. मला माझीच लाज वाटली, आणि त्यानंतर डोकं एकदम साफ झालं. जे मोजलं नाही ते मोजलं म्हणून लिहायचं नाही. हातात दोन दिवस होते, त्यात जेवढं खरं मिळेल तेवढं मिळवायचं.

खूण

सकाळी उरलेल्या चार मोकळ्या बोरी आधी मोजून टाकल्या, मग आबांना बोरींपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. कुंपण कशासाठी, मोकळं कशासाठी. ते अश्विनातच सांगायला हवं होतं. मी पुण्याहून आलेली शहाणी, 'हात लावू नका' एवढंच सांगून गेले होते.

आबांनी डोक्यावरचा पटका काढून पुन्हा गुंडाळला.

"म्हंजी ह्या दहांना कुपाटी मुद्दाम केली न्हाई?"

"मुद्दामच."

"मला वाटलं काट्या सरल्या," आबा म्हणाले. "म्हणून बाकीच्या मी राखल्या."

मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आबा हसले नाहीत.

"बाई, आम्ही कोकणात जायचो तवा एका तळावर चार घरची मेंढरं असायची. दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात मिसळलं तर कानाची खूण बघायची. खूण आपली न्हाई म्हंजी जनावर आपलं न्हाई. त्याला चारायचं, वाघरापासनं राखायचं. पर लोकर कातरायची न्हाई, दूध काढायचं न्हाई. मालक कवा येईल तवा येईल. एकदा चौमासाभर एक मेंढी राखली व्हती मी. तुम्ही बोरीला खूण केली, मग ती माझी कशी ऱ्हाईल?"

आमच्या सोसायटीत माझ्या स्कूटरच्या जागेवर मी रंगाने नाव लिहिलंय, तरी आठवड्यातून तीनदा तिथे दुसऱ्याची गाडी असते. इथे चार बोटांच्या पत्र्याला तीन महिने कुणी ओलांडलं नव्हतं. वस्तीवरच्या एकानेही त्या बोरींचं बोर तोंडात टाकलं नव्हतं.

"आबा, आता शेळ्या घाला इथे. आजच."

"खुणेच्या झाडाला माझी शेरडं लावू?"

"मीच सांगतेय ना."

"तुम्ही सांगाल. बघणाऱ्याला खूण दिसती, तुमचं सांगणं दिसत न्हाई."

मी पक्कड काढली. "मग बिल्ले काढून टाकते." पण बिल्ले काढले तर कुठली बोर कुठली ते मला कळणार कसं? मी तशीच थांबले. आबांनी मात्र दुसऱ्याच गोष्टीला हरकत घेतली.

"अशी टाकायची नसती खूण. मालकानं आपल्या हातानं सोडायची आन् दुसऱ्याच्या हातात द्यायची. मग ते त्याचं."

दहा बोरींपाशी दहा वेळा थांबून मी तार सोडली आणि बिल्ला आबांच्या हातात दिला. प्रत्येक वेळी त्यांनी तो कपाळाला लावून बंडीच्या खिशात टाकला. आणि माझी अडचणही त्यांनीच सोडवली. प्रत्येक बोरीचं त्यांच्याकडे नाव होतंच. दगडावरची, वाकडी, सापाची, म्हातारी, जुळी, विजेची. मी वहीत आकड्यांवर काट मारली आणि नावं लिहिली. सातवी बोर म्हणजे म्हातारी. अश्विनात तिच्यापुढे मी लिहिलं होतं, चार शेरडांची न्याहारी.

मग कांताबाईंनी गोठ्याचं फाटक उघडलं. तीन महिन्यांत त्या शेळ्यांना बोरींचा नुसता वास आला असणार. ओढ्याकडे वळायच्या सवयीने पुढची शेळी आधी तिकडेच गेली, मग थबकली, मागे वळून बघितलं आणि आबांनी जिभेने टक् केल्यावर अशी धावली की तिच्यामागे तीसच्या तीस. खालची बोरं आधी गेली, मग पाला. मागच्या पायांवर उभ्या राहून, मान वाकडी करून, काट्यांमधून एकेक पान ओठांनी अलगद काढत होत्या. मला पन्नास फेऱ्यांना अर्धा तास लागतो. त्यांची मोजणी भराभर चालली होती आणि ती पोटात जात होती.

म्हातारीपाशी मी मुद्दाम बसून राहिले. चार शेळ्या तिथे रेंगाळल्या, चरल्या आणि आपण होऊन पुढे गेल्या. पाचवी आली, हुंगली, निघून गेली. मी आबांकडे बघितलं. ते तंबाखू मळत दुसरीकडे बघत होते, पण मिशी हलली.

शेवटच्या दिवशी उजाडल्यापासून मी दहाही बोरी पुन्हा मोजल्या. संध्याकाळी ओट्यावर बसून आदल्या आणि नंतरच्या रेघा शेजारी शेजारी मांडल्या. आणि इथे रफिकभाईंचे ओरखडे कामाला आले. टोक किती आत असताना पान लागलं ते मी या खेपेला पहिल्यापासून लिहीत आले होते, केवळ त्यांनी खुणा पाडल्याच आहेत म्हणून. बाहेरचा पाला बराच उडाला होता. हातभर आत मात्र रेघा जवळपास होत्या तेवढ्याच होत्या. दहाही बोरींना तेच.

आबांना वाचून दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"बोर आतलं पान देत न्हाई. शेरडाच्या नाकाला काटा लागला की ते फुडं जातं. तेवढ्यावर बोर परत फुटती." मग म्हणाले, "हे तुम्हाला दाभणानं कळलं व्हय?"

"दाभणाने कळलं तरच सर ऐकतात, आबा."

पण एका दिवसाच्या चरण्यावर पीएचडी होत नाही. रोज शेळ्या आल्या तर आतलं पान टिकतं का? बोर किती दिवसांत फुटते? खरा प्रश्न हा होता, आणि तो पुढच्या अश्विनापासून पौषापर्यंत पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागणार होता. माझ्या हातात फाल्गुनापर्यंतचे दिवस होते.

शिरूर

निघताना कांताबाईंनी पदराच्या टोकाएवढ्या फडक्यात बोरं बांधून दिली, म्हातारीची. मी आबांकडे बिल्ले मागितले, पुढच्या वेळी कुंपणातल्यांना लागले तर असावेत म्हणून. त्यांनी खिशातून काढून माझ्या ओंजळीत ओतले. मी मोजले. नऊ होते.

"एक पडला वाटतं आबा."

"पडला न्हाई." त्यांनी गोठ्याकडे हनुवटी केली.

पंधरा दिवसांचं एक करडू होतं, काळं, कानांवर पांढरे ठिपके. त्याच्या गळ्यात सुतळीने माझा सात नंबरचा बिल्ला बांधलेला.

"ही पाट तुमची. औंदाची करडं आजच मी मोजली, त्यात हिला धरली न्हाई."

"आबा, मी हिला पुण्यात कुठे ठेवू? तिसऱ्या मजल्यावर?"

"तुम्हाला न्या कुठं म्हणलं? हितंच वाढंल. चारू, राखू. दूध काढणार न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मालक कवा येईल तवा येईल."

मी करडाच्या पाठीवरून हात फिरवला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

शिरूरला स्टँडसमोरच्या बूथवरून सरांना फोन लावला. मांडीवर दाभण, बाहेर पुण्याची एसटी लागलेली. सगळं सांगितलं, बिल्ल्यांपासून. आकडे सुंदर आहेत पण खोटे आहेत, आणि मी ते देणार नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे पुन्हा एक हंगाम," सर म्हणाले. "मुदतवाढीचा अर्ज करा, मी सही करतो. पण नाही मिळाली तर?"

"तर नव्याने नोंदणी करीन. अश्विनात मी तिथे असेनच."

"नोंदणी असो वा नसो? एवढं कशाच्या भरवशावर म्हणता तुम्ही?"

"सर," मी म्हटलं, "तिथे माझी एक शेळी आहे."